नवऱ्याच्या पणजोबांचा माग : ब्रिटिश फौजेतल्या पूर्वजांचे सेवापट कसे शोधायचे?

मृण्मयी_ब्रिस्टल (धागाकर्ती)

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते. पण सध्या ज्या खोदकामात अडकले आहे त्यावर मराठीत काहीच लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

नवरा इंग्रज. त्याचे पणजोबा डॉर्सेटशायर रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये साधे शिपाई होते आणि पहिल्या महायुद्धात गेले. घरात त्यांच्या दोनच वस्तू: एक गणवेशातला फोटो आणि युद्धानंतर सरकारने मृतांच्या घरी पाठवलेली ब्राँझची गोल तबकडी. तबकडीवर फक्त नाव असतं. हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही. सरकारने मुद्दामच तसं ठेवलं होतं, मरणात सगळे सारखे म्हणून. भावना उत्तम, शोधणाऱ्याचे मात्र हाल. नाव इतकं सर्वसाधारण की इथे त्या नावाचे शिपाई पोत्याने सापडतात.

सासऱ्यांना एवढंच माहीत: "मेसोपोटेमियात गेला." म्हटलं, सेवापट काढू, त्यात सगळं येईल. तर पहिला दणका तिथेच बसला. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांचे सेवापट लंडनच्या वॉलवर्थ भागात, आर्नसाइड स्ट्रीटवरच्या गोदामात होते. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी तिथे आगीचे बॉम्ब टाकले आणि निम्म्याहून बरेच जास्त कागद जळाले. वाचले ते लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यूओ ३६३' या मालिकेत आहेत (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, तेव्हाचं युद्धखातं). त्यांना सगळे 'जळके कागद' म्हणतात आणि ते शब्दशः जळके आहेत. स्कॅनमध्येसुद्धा काळ्या पडलेल्या कडा आणि आग विझवताना पडलेल्या पाण्याचे डाग दिसतात. दुसरी मालिका 'डब्ल्यूओ ३६४', जखमी किंवा आजारी होऊन पेन्शनवर सुटलेल्यांची. आमचे पणजोबा दोन्हीकडे नाहीत.

मग आडवाटेने गेले. पदकांची कार्डं जवळजवळ सगळी शाबूत आहेत (डब्ल्यूओ ३७२). त्या नावाची सगळी कार्डं काढली, डॉर्सेटची वेगळी केली. त्यातल्या एकावर रणांगणावर उतरल्याची तारीख होती नोव्हेंबर १९१४, आणि डॉर्सेटची दुसरी बटालियन तेव्हाच मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) किनाऱ्यावर फाओला उतरली होती. कार्डावर नंबर मिळाला. नंबर हाती आला की खेळ बदलतो.

त्या नंबरावर मृत शिपायांच्या शिलकीचं रजिस्टर उघडलं. मूळ रजिस्टर चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियमचं, आता ऑनलाइन आहे. शिपाई मेला तेव्हा त्याचा किती पगार बाकी होता, तो कुणाला दिला, युद्धाचं बक्षीस किती मिळालं, सगळं एका ओळीत. आमच्या ओळीत: मृत्यू सप्टेंबर १९१६, तुर्कांच्या कैदेत. पैसे विधवेला. बक्षीस १२ पौंड.

म्हणजे कुतचा वेढा (मेसोपोटेमियातल्या या गावात तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौज कोंडली होती). माझे प्रश्न दोन. कुतच्या कैद्यांची माहिती कुणी काढली आहे का? आणि युद्धाआधी ही बटालियन पुण्यात होती असं दिसतंय, तर त्या काळातलं काही मिळू शकेल का?

---

टग्या_नाशिक

वाचनखूण साठवली. पण गोऱ्यांच्या पणज्यांची उठाठेव आपण का करायची म्हणे? त्यांनी आपल्या पणज्यांची केली का?

---

कागदकीडा

धागा आवडला. टग्याकडे दुर्लक्ष करा, तो झोपेतून उठला की असंच लिहितो.

ताई, त्या १२ पौंडांचाही अर्थ लावता येतो. साध्या शिपायासाठी पहिल्या वर्षाचे ५ पौंड आणि पुढच्या दर महिन्याला १० शिलिंग, असा हिशोब असे. १२ पौंड म्हणजे पहिल्या वर्षानंतरचे १४ महिने, एकूण २६. ऑगस्ट १९१४ पासून मोजा, बरोबर सप्टेंबर १९१६ येतो. म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा हा माणूस फौजेतच होता, नवी भरती नव्हे. सेवापट जळालेल्यांची भरती अशी उलट्या गणिताने ठरवावी लागते.

नंबराबद्दल एक सावधगिरी. १९२० पर्यंत ब्रिटिश फौजेत नंबर रेजिमेंटपुरता असे. डॉर्सेटचा ८१२३ वेगळा आणि नॉरफोकचा ८१२३ वेगळा. संपूर्ण लष्कराला एक सलग नंबर १९२० मध्ये आला. प्रादेशिक सेनेच्या लोकांचे नंबर तर १९१७ मध्ये बदलून सहा आकडी केले, त्यामुळे एकाच माणसाची दोन माणसं करून बसलेली वंशावळ मी पाहिली आहे. नुसता नंबर कधीही लिहू नका, रेजिमेंट सोबत हवीच.

आता कुत. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, साधारण १३ हजार लोक कैद झाले. ब्रिटिश शिपायांपैकी सुमारे ७० टक्के परतले नाहीत. वाळवंटातून चालवत नेलं आणि पुढे रेल्वेच्या बोगद्यांच्या कामाला जुंपलं. त्यामुळे मृत्यूच्या तारखा पुष्कळदा नंतर सुटून आलेल्या सोबत्यांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या असतात. तुमची सप्टेंबर १९१६ ही तारीखही 'त्या सुमारास' अशीच घ्या.

कैद्यांसाठी जिनेव्हाच्या रेड क्रॉसचा संग्रह बघा. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं त्यांनी फुकट ऑनलाइन ठेवली आहेत. शोधयंत्र असं नाही. आडनावाच्या अक्षरांनुसार कार्डं उलटत जायचं, जुन्या ग्रंथालयाचा खण ओढल्यासारखं. चहाचा थर्मास जवळ ठेवा.

---

मृण्मयी_ब्रिस्टल

@टग्या, प्रश्न रास्त आहे, म्हणून सांगते. कुतमध्ये अडकलेली डिव्हिजन कुठली होती? सहावी, म्हणजेच पूना डिव्हिजन. तिच्या तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक ब्रिटिश बटालियन होती आणि एकेक मराठा. सोळाव्या ब्रिगेडमध्ये डॉर्सेट आणि ११७वी मराठा. सतराव्यात ऑक्सफर्डशायरवाले आणि १०३वी मराठा. अठराव्यात नॉरफोक आणि ११०वी मराठा. १९१४ च्या ऑगस्टमध्ये डॉर्सेट पुण्यात होते, ऑक्सफर्डवाले नगरला आणि नॉरफोक बेळगावला. तुझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या पणज्यांनी एकाच नदीचं पाणी प्यायलं असेल.

@कागदकीडा, खूप आभार. रेड क्रॉसकडे वळते.

---

बोरगावकर

ताई, अंगावर काटा आला. माझे खापरपणजोबा ११७वी मराठामध्ये होते. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुका. शैबाच्या लढाईत गेले असं घरात सांगतात. शैबा म्हणजे एप्रिल १९१५, बसऱ्याजवळ. तिथेही डॉर्सेट आणि ११७वी एकाच ब्रिगेडमध्ये होते.

तुमच्याकडे कार्ड, रजिस्टर, विधवेला दिलेले पैसे, सगळं निघालं. आमच्याकडे काय आहे? राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या साइटवर एक नोंद. नाव, नंबर, 'अमक्याचा मुलगा', गाव, तालुका, जिल्हा सातारा. तीसुद्धा मला चार वेळा वेगवेगळं स्पेलिंग टाकून मिळाली. नावाने शोधून काहीच येत नव्हतं. मग नावाची चौकट रिकामी सोडली, रेजिमेंट ११७वी मराठा निवडली, स्मारक बसरा निवडलं आणि सगळी यादी वरपासून वाचली. कारकुनाने गावाच्या नावाची वाट लावली होती, पण तालुका ओळखू आला.

आणि बसरा स्मारकाच्या भिंतीवर नाव नाहीच! तिथे ४० हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि हिंदी शिपायांच्या बाबतीत रेजिमेंटच्या खाली फक्त आकडा टाकला, इतके इतर शिपाई म्हणून. आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून ही वागणूक अन्याय्य होती असं कबूल केलं. तेव्हा टग्याचा राग अगदीच अनाठायी नाही.

सेवापट मिळवायचा काही मार्ग आहे का? ब्रिटनमध्ये असेल का?

---

निवृत्त_सुभेदार

बोरगावकर, जय हिंद. ब्रिटनमध्ये शोधण्यात वेळ घालवू नका. हिंदी जवानांचे सेवापट तिकडे कधी गेलेच नाहीत, ते रेजिमेंटकडेच राहत. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची (हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या खात्याची) जी दप्तरं आहेत त्यात हिंदी फौजेतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या फायली आहेत, जवानांच्या नाहीत.

तुमची ११७वी १९२१ ला 'रॉयल' झाली आणि १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली. १०३वी पहिली झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी. ११४वी प्रशिक्षण बटालियन बनली. हे पाठ असलेलं बरं, कारण आजोबांनी सांगितलेला नंबर आणि कागदावरचा नंबर यांचा मेळ इथेच बिनसतो. 'पाचवी मराठा' म्हणजे रेजिमेंट की बटालियन, हे आधी विचारा.

रेजिमेंटल सेंटर बेळगावला. अर्ज करायचा तर नंबर, हुद्दा, जुनं बटालियनचं नाव, गाव आणि मृत्यूचं वर्ष एवढं लिहा. भावनिक पत्र नको. १९१५ चे कागद असतील अशी फार आशा धरू नका, पण अर्ज करायला काही लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पेन्शनवर आलेल्यांचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात काही ना काही निघतं, हा माझा अनुभव.

गावात दगडी पाटी आहे का बघा. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यापैकी इतके कामी आले, अशी. सातारा-रत्नागिरीत बऱ्याच गावांत आहेत. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत असते आणि तिच्यावर चुन्याचे थर चढलेले असतात.

---

बोरगावकर

पाटी आहे साहेब! शाळेच्या भिंतीत. तिच्यावरही आकडाच.

---

रेल्वेकॉलनी

मी भुसावळची. आजीची आजी अँग्लो-इंडियन. तिचे वडील तोफखान्यात होते, १८९०च्या दशकात सुटले आणि इथेच रेल्वेत लागले. त्यांचा सेवापट मात्र मला संपूर्ण मिळाला, कारण तो जुन्या मालिकेत होता, 'डब्ल्यूओ ९७'. १९१३ पर्यंत सुटलेल्यांची ही मालिका वेगळी ठेवली होती, त्या आगीत सापडली नाही.

काय काय असतं म्हणून सांगते. भरतीचा अर्ज: वय, उंची, छातीचा घेर, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, आधीचा धंदा. डाव्या दंडावर नांगर गोंदलेला, तेही लिहिलं आहे. मग कुठे किती दिवस: घरी इतके, हिंदुस्थानात इतके. मग दवाखान्याचं पान, ज्यात ताप, ताप, पुन्हा ताप, आणि मधे एक असा आजार ज्याबद्दल आजीला सांगितलं नाही. वर्तनाच्या पानावर रात्रीच्या हजेरीला गैरहजर, एकदा दारू पिऊन पहाऱ्यावर. चांगल्या वर्तनाची फीत मिळाली, काढून घेतली, परत मिळाली. शेवटच्या पानावर सुटल्यावर राहण्याचं ठिकाण, आणि तिथे कुणा इंग्रज कारकुनाने लिहिलंय: भुसावळ.

ज्यांचे पूर्वज नोकरीत असतानाच वारले त्यांनी मात्र या मालिकेवर आस लावू नये. ती प्रामुख्याने पेन्शनवर सुटलेल्यांची. १८८३ पासून मुदत संपवून किंवा पैसे भरून सुटलेलेही तिच्यात येतात.

---

आडवाटेचा

+१. भुसावळच्या पानावर एक स्वतंत्र धागा व्हायला हवा.

---

कागदकीडा

@मृण्मयी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं राहिलंच. पणजोबांचं लग्न कधी झालं? त्यांना हिंदुस्थानात बायको सोबत ठेवायची परवानगी असेल तर मुलांचे बाप्तिस्मे पुण्यात झालेले असू शकतात. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींची प्रत दरवर्षी लंडनला जायची. ती इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एन/३' म्हणून आहे. बंगालची 'एन/१', मद्रासची 'एन/२'. एका सशुल्क वंशावळीच्या साइटवर स्कॅन आहेत. क्यूच्या वाचनकक्षात अशा साइट्स फुकट उघडता येतात, तुमच्या गावच्या लायब्ररीतही बहुतेक मिळेल. आधी विचारा, मग कार्ड काढा.

त्याआधी विधवेचं पेन्शन कार्ड शोधा. संरक्षण खातं ही कार्डं टाकून द्यायच्या बेतात होतं, ६० लाखांहून जास्त. वेस्टर्न फ्रंट असोसिएशन या संस्थेने २०१२ मध्ये ती वाचवली आणि मग ती ऑनलाइन आली. मुलांची नावं आणि जन्मतारखा त्यावर असतात.

---

खडकीकर

पुण्यात असाल तर खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जाऊन या. १९१४ ते १८ च्या काळात हिंदुस्थानात वारलेल्या आणि जागोजागच्या छावण्यांत पुरलेल्या, पण ज्यांच्या कबरी आता सांभाळणं शक्य नाही अशा १,८०० हून जास्त जणांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. त्यातले ६२९ जण १९६२ च्या जूनमध्ये मुंबईच्या शिवडीहून आणून तिथे पुन्हा पुरले. ताईंचे पणजोबा तिथे नसणार, ते तुर्कांच्या ताब्यात गेले. पण ज्यांच्या पूर्वजांबद्दल घरात 'इंडियात तापाने गेला' एवढंच सांगतात, त्यांनी आधी ही यादी बघावी.

आणखी एक खूण. पदकांच्या कार्डावर फक्त ब्रिटिश वॉर मेडल असेल आणि व्हिक्टरी मेडल नसेल, तर माणूस परदेशी गेला पण रणांगणावर उतरला नाही. हिंदुस्थानात ठाण्यावर पाठवलेल्या प्रादेशिक पलटणींतल्या कित्येकांचं असं आहे. एकच पदक म्हणून घरच्यांना वाटतं दुसरं विकून खाल्लं.

---

टग्या_नाशिक

बरं बाबा, उठाठेव पटली. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, पण ते मराठा रेजिमेंटमध्ये. मित्राची आई मूळची लंडनची, तिचे वडील त्याच सुमारास रॉयल इंजिनिअर्समध्ये. तिच्यासाठी कुठे विचारायचं?

---

कागदकीडा

दुसऱ्या महायुद्धाचे सेवापट जळाले नाहीत. इतकी वर्षं संरक्षण मंत्रालयाकडे होते. २०२२ पासून टप्प्याटप्प्याने नॅशनल आर्काइव्ह्जकडे जात आहेत, एकूण ९७ लाखांच्या घरात. त्यामुळे आधी आर्काइव्ह्जच्या साइटवर नाव शोधायचं आणि तिथून मागणी करायची. माणूस हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. तुझ्या आजोबांचं मात्र बेळगावच.

अधिकाऱ्यांचं वेगळं. पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या मुख्य फायली त्याच आगीत गेल्या, पत्रव्यवहाराच्या तेवढ्या राहिल्या (डब्ल्यूओ ३३९ आणि ३७४). त्या बघायला क्यूला जावं लागतं.

---

मृण्मयी_ब्रिस्टल

मंडळी, बातमी आहे!

पेन्शन कार्ड मिळालं. विधवेचं नाव, पत्ता डॉर्चेस्टरचा, आणि दोन मुलं. धाकटा १९१३ चा, म्हणजे माझे आजेसासरे. कागदकीडा म्हणाले तसं 'एन/३' मध्ये गेले. आहेत! बाप्तिस्मा पुणे छावणीत, १९१३. वडिलांच्या नावापुढे हुद्दा शिपाई, दुसरी डॉर्सेट.

घरात आजवर सगळे सांगत होते की आजोबा इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्याचे. सासऱ्यांना फोन केला तर पलीकडे बराच वेळ आवाज नाही, मग म्हणाले, "म्हणजे तो तुझ्या गावचा?" (मी मूळची कोथरूडची. छावणीला आम्ही गाव मानत नाही, पण ते त्यांना सांगितलं नाही.)

रेड क्रॉसच्या खणात अजून काही हाती लागलेलं नाही. बटालियनची युद्ध-दैनंदिनी 'डब्ल्यूओ ९५' मध्ये वाचतेय. त्यात शिपायांची नावं नसतात, अधिकाऱ्यांचीच असतात. पण शैबाच्या दिवसाचं पान वाचताना बोरगावकरांची आठवण झाली, कारण ११७वी मराठाचा उल्लेख येतो.

@बोरगावकर, ११७वीची स्वतःची दैनंदिनीही मेसोपोटेमियाच्या त्याच मालिकेत शोधते आहे. मिळाली तर एप्रिल १९१५ ची पानं तुम्हाला पाठवते. खापरपणजोबांचं नाव नसेल, पण त्या दिवशी पलटण कुठे उभी होती ते तरी कळेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

बोरगावकर

व्यनि केला आहे. आत्याकडे एक पत्र्याची पेटी आहे, त्यात पदक आहे म्हणते. दिवाळीत जाणार आहे. पदकावर काय बघू?

---

निवृत्त_सुभेदार

पदक गोल असेल तर त्याची कड बघा, ताऱ्याच्या आकाराचं असेल तर पाठ. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. ब्रासो लावू नका, अक्षरं झिजतात. उजेड तिरका पाडून फोटो काढा आणि इथे टाका. आत्याबाईंना सांगा, नातवंडांना खेळायला देऊ नका.

---

टग्या_नाशिक

आणि विकत घेणारा दारात आला तर त्याला चहासुद्धा विचारू नका.